थांबलेल्या रथाचे सारथ्य

(वाहनपूजेच्या निमित्ताने वाहनमालक व वाहनचालक यांच्यासमोर झालेले भाषण)

विजयादशमीच्या दिवशी महाराष्ट्रात वाहनाला झेंडूचा हार पडला नाही असे अंगण शोधून सापडणार नाही. सायकलपासून दहाचाकी मालमोटारीपर्यंत सारी वाहने धुऊन-पुसून उभी केली जातात. बोनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, नारळ वाढवला जातो. ज्या साधनावर घराचा योगक्षेम चालतो, त्या साधनाविषयीची ही कृतज्ञता आहे. शस्त्रपूजेच्या परंपरेतून ती आली आहे. परंतु शस्त्राची पूजा करणारा वीर त्याच शस्त्राला धार लावत असे आणि ते चालविण्याचा नित्य सराव करीत असे. वाहनपूजेतून हा दुसरा भाग नेमका गळून पडला आहे. हार घातलेल्या गाडीचा जॅक कोठे बसविलेला आहे, स्टेपनीत हवा आहे की नाही, धोक्याची सूचना देणारा लाल त्रिकोण कोणत्या कोपऱ्यात पडला आहे, हे घरातील किती जणांना सांगता येईल?

वाहन चालवायला सगळेच शिकतात. वाहन थांबवायला मात्र फारसे कोणी शिकत नाही आणि शिकवतही नाही. परवान्याच्या परीक्षेत इंग्रजी आठचा आकडा काढून दाखविला की काम भागते. रात्री दोन वाजता, घाटात, पावसात, कुटुंब गाडीत असताना इंजिन बंद पडले तर पहिल्या दोन मिनिटांत काय करायचे, ही परीक्षा कोणी घेत नाही. ती रस्ता घेतो आणि तेथे फेरपरीक्षा नसते.

दोन रथ, दोन थांबे

महाभारतातील दोन प्रसंग या संदर्भात आठवावेत असे आहेत. जयद्रथवधाच्या दिवशी अर्जुनाचे घोडे बाणांनी विद्ध झाले, तहानेने व्याकूळ झाले. रथ भर रणांगणात थांबविणे भाग होते. अशा वेळी अर्जुन प्रथम रथातून उतरला आणि शत्रूला थोपवून उभा राहिला. त्याने बाणांनी भूमी भेदून जलाशय निर्माण केला, शरांचे घर उभे केले. त्या आडोशाला श्रीकृष्णाने घोडे सोडले, त्यांच्या अंगातले बाण काढले, त्यांना चोळले, पाणी पाजले. मग पुन्हा रथ जोडला. आधी संरक्षण, नंतर दुरुस्ती, हा तेथील क्रम आहे.

दुसरा प्रसंग कर्णाचा. त्याच्या रथाचे चाक भूमीने गिळले. समोर युद्ध चालू असतानाच तो चाक उचलण्यासाठी खाली उतरला. रक्षणाला कोणी नव्हते. थोडा वेळ थांब, अशी धर्माच्या नावाने त्याने विनंती केली; ती मान्य झाली नाही. पुढे काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. शाप, नियती हे सारे त्या कथेत आहेच. परंतु केवळ वाहनचालकाच्या दृष्टीने पाहिले तर चाकाकडे पाहणारा माणूस समोरून येणाऱ्या संकटाकडे पाहू शकत नाही, एवढा बोध पुरेसा आहे. महामार्गावर पंक्चर झालेल्या चाकाशी, रस्त्याकडे पाठ करून बसलेला प्रत्येक जण कर्णाच्या जागी असतो. आणि भरधाव येणारी मालमोटार कोणाचीही विनंती ऐकत नाही.

थांबलेले वाहन म्हणजे अडथळा

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. उभ्या असलेल्या वाहनावर आदळून होणाऱ्या अपघातांची या अहवालात स्वतंत्र नोंद असते. म्हणजे गाडी बंद पडली की धोका संपला, ही समजूत खरी नाही. गाडी बंद पडल्यावर धोक्याचे स्वरूप बदलते, इतकेच.

याचे गणित सोपे आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. पुढे काहीतरी उभे आहे हे चालकाला दिसणे, ते थांबलेले आहे हे उमगणे आणि पाय ब्रेकवर जाणे यांत एक ते दीड सेकंद जातो. तेवढ्यात तीस-चाळीस मीटर रस्ता मागे पडलेला असतो. त्यानंतर ब्रेक लागून गाडी उभी राहण्यास आणखी किमान चाळीस-पन्नास मीटर लागतात, तेही रस्ता कोरडा असेल आणि टायर चांगले असतील तर. भरलेल्या ट्रकला याहून पुष्कळ अधिक अंतर लागते. गाडीच्या मागे दहा पावलांवर ठेवलेला त्रिकोण म्हणूनच शोभेचा ठरतो. साध्या रस्त्यावर तो निदान पन्नास मीटर मागे हवा आणि द्रुतगती मार्गावर शंभर मीटर किंवा त्याहून अधिक. वळणावर गाडी बंद पडली असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे हवा, म्हणजे वळण घेण्यापूर्वीच मागच्याला सूचना मिळेल.

गाडी अडखळू लागली, धूर दिसला, चाकातून फडफड ऐकू आली, की त्याच मार्गिकेत ब्रेक मारून थांबण्याचा मोह टाळला पाहिजे. डावीकडचा इंडिकेटर द्यावा, आरशात पाहावे आणि गाडीत जी काही गती शिल्लक आहे ती वापरून कडेला, शक्य तितके डावीकडे यावे. पंक्चर चाकावर दोनशे मीटर गाडी चालली तर टायर वाया जाईल. परंतु टायर बाजारात मिळतो. कडेला येताच चारही इंडिकेटर एकदम लुकलुकविणारे, लाल त्रिकोणाचे चिन्ह असलेले बटण दाबावे. रात्र असेल तर पार्किंगचे दिवेही चालू ठेवावेत. हॅण्डब्रेक ओढावा आणि पुढची चाके डावीकडे वळवून ठेवावीत, म्हणजे मागून धक्का बसलाच तर गाडी वाहतुकीत ढकलली जाणार नाही.

त्यानंतर सर्वांनी डाव्या बाजूच्या दारांनी उतरावे. चालकानेही शक्य असेल तर डाव्या बाजूनेच उतरावे. द्रुतगती मार्गावर कडेला लोखंडी कठडा असेल तर त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहावे. गाडीत बसून राहणे, गाडीच्या पुढे घोळका करणे किंवा मागे डिकी उघडून सामान शोधत उभे राहणे हे तिन्ही प्रकार जिवावर बेतणारे आहेत. कारण मागून बसणारा आघात डिकीवर येतो आणि गाडी पुढे फेकली जाते. येथेच एक क्षुल्लक वाटणारी, पण मोलाची गोष्ट सांगायला हवी. गाडीबरोबर मिळालेला त्रिकोण बहुधा डिकीच्या तळाशी, चार बॅगांच्या खाली असतो. तो पुढच्या आसनाखाली आणून ठेवावा. त्याच्याजवळच एक विजेरी आणि चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट असावे. संकटात वस्तू शोधावी लागली तर ती असून नसल्यासारखीच.

मालमोटारीचे अनेक चालक गाडीमागे दगड मांडतात, झाडाच्या फांद्या लावतात. दुसरे काही हाताशी नसेल तर हेतू चुकीचा नाही. परंतु दुरुस्ती झाल्यावर दगड तेथेच टाकून गाडी निघून जाते आणि मागाहून अंधारात येणाऱ्या दुचाकीस्वाराचा त्यावर घात होतो. आपले संकट संपताना ते दुसऱ्याच्या वाटेवर ठेवून जाणे हा अपराधच म्हटला पाहिजे. आपण मांडलेला दगड आपणच उचलावा.

चाक बदलायचेच असेल तर जागा सपाट व टणक हवी. द्रुतगती मार्गावर वाहतुकीच्या बाजूचे चाक स्वतः बदलण्याचे धाडस करूच नये, मदत मागवावी. अन्यत्र तिरप्या कोपऱ्यातील चाकाला दगड लावावा. चाक जमिनीवर असतानाच पान्याने नट थोडे सैल करावेत आणि मगच जॅक चढवावा. काढलेले चाक गाडीखाली आडवे सरकवून ठेवावे, म्हणजे जॅक घसरला तरी गाडी त्याच्यावर टेकते. गाडीत कोणी बसलेले नसावे. नट आवळताना एकाआड एक, समोरासमोरचे आवळावेत. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग जाता कामा नये.

सोयी आहेत, ओळख नाही

१ जुलै २०१९ पासून भारतात तयार होणाऱ्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग, पट्टा न लावल्यास वाजणारी सूचना, वेगाची सूचना, मागे घेताना अडथळा सांगणारे सेन्सर आणि वीज गेली तरी हाताने उघडता येईल असे कुलूप बंधनकारक झाले. चाके जाम होऊ न देणारी एबीएस ही ब्रेकयंत्रणाही त्याच सुमारास सर्व मोटारींत आली. कायद्याने सोय दिली. ती वापरण्याचे ज्ञान मात्र गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत, आणि ती पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर न निघालेली.

एबीएसचेच पाहा. आणीबाणीच्या क्षणी ब्रेक पूर्ण शक्तीने दाबला की पायाखाली पेडल थरथरते, कडकड असा आवाज होतो. अनोळखी चालक घाबरून पाय उचलतो. वास्तविक ती थरथर म्हणजे यंत्रणा काम करीत असल्याची खूण असते. पाय तसाच दाबून ठेवावा आणि स्टिअरिंग वळवून अडथळा चुकवावा. चाके जाम झालेली नसल्यामुळे गाडी वळते. हे ज्ञान पुस्तकातून मिळते, पण पायाला ते कळावे यासाठी एखाद्या मोकळ्या मैदानावर, कमी वेगात, एकदा तरी अनुभव घ्यावा.

चालत्या गाडीचे इंजिन बंद पडले तर स्टिअरिंग अचानक जड होते, पण ते वळते. ब्रेकही दोन-तीन वेळा नेहमीसारखा लागतो, नंतर अधिक जोर लावावा लागतो. तेव्हा ब्रेक वारंवार न दाबता एकदाच, सलग दाबून गाडी कडेला घ्यावी. किल्ली मात्र पूर्ण मागे फिरवून काढू नये. स्टिअरिंगला कुलूप लागते. टायर फुटला तर ब्रेकवर उडी न मारता दोन्ही हातांनी स्टिअरिंग सरळ धरावे, वेगपेडलावरचा पाय हळूहळू काढावा आणि वेग उतरू द्यावा. समृद्धी महामार्गासारख्या लांब, सरळ रस्त्यावर तासन् तास वेगाने धावणारे टायर तापतात. म्हणून निघण्यापूर्वी, टायर थंड असताना हवा तपासावी. टायरच्या कडेवर चार अंक असतात; पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी जुने रबर आतून कमकुवत झालेले असू शकते.

डॅशबोर्डवरील दिव्यांची भाषाही चौकातल्या सिग्नलसारखीच आहे. पिवळा दिवा तपासणी करून घ्या असे सांगतो. लाल दिवा आता थांबा असे सांगतो. तेलाचा लाल दिवा लागल्यावर पुढचे गॅरेज गाठण्याच्या नादात इंजिन कायमचे बसते. तापमानाचा काटा वर गेला तर थांबावे, पण रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. आत दाबाखाली कोंडलेले पाणी उकळत्या पाण्याहूनही तप्त असते आणि झाकण सुटताच ते तोंडावर उसळते. अर्धा-पाऊण तास धीर धरणे हाच त्यावरचा उपाय होय.

सोयीची ओळख नसेल तर तीच सोय सापळा होते, हे मुंबईने २६ जुलै २००५ रोजी पाहिले. सांताक्रूझ येथे त्या दिवशी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. काचा बंद करून, पाणी ओसरण्याची वाट पाहत गाडीतच बसून राहिलेल्यांपैकी काहींचा आतच अंत झाला. बाहेर पाणी चढले की त्याच्या दाबामुळे दार उघडत नाही आणि विजेवर चालणाऱ्या काचा पाणी शिरल्यावर बंद पडतात. पाणी दाराच्या खालच्या कडेला टेकले की गाडीचा मोह सोडून बाहेर पडावे. दार उघडत नसेल तर वीज चालू आहे तोवर, पहिल्या मिनिटातच, काच खाली करावी. काच फोडायची वेळ आली तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टोकदार हातोडीने घाव घालावा. पुढची काच दोन थरांची असल्यामुळे फुटून मोकळी होत नाही. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये.

पट्टा हीदेखील एक सोयच आहे, आणि सर्वांत स्वस्त. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. गाडी उंची होती. पुढे बसलेले दोघे जबर जखमी होऊनही वाचले. मागे बसलेले दोघे गेले आणि मागील दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. मागच्या आसनावर पट्टा लावणे तेव्हाही कायद्याने बंधनकारकच होते. मूल मांडीवर घेऊन पुढे बसणाऱ्या मातेनेही लक्षात ठेवावे की, आघाताच्या क्षणी लेकराला धरून ठेवण्याइतके बळ मानवी हातांत नसते आणि उघडणारी एअरबॅग त्या कोवळ्या जिवावरच आदळते.

घाट आणि धुके

बोरघाट उतरताना इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे चालक आजही भेटतात. चार थेंब इंधनाच्या लोभापायी सारा भार ब्रेकवर टाकला जातो. ब्रेक तापतात आणि एका क्षणी पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. जुने चालक सांगत की, ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा. या एका वाक्यात सगळे यंत्रशास्त्र आले. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. तरीही ब्रेक निकामी झालाच तर पेडल भराभर दाबून पाहावे, एकेक गिअर खाली आणावा, हॅण्डब्रेक हळूहळू ओढावा आणि डोंगराची बाजू धरावी.

पावसाळ्यात घाटात धुके उतरले की अनेक जण चारही इंडिकेटर लावून गाडी चालवितात. ही सवय सोडली पाहिजे. चारही दिवे लुकलुकणारी गाडी उभी आहे, असा त्या खुणेचा अर्थ आहे. चालती गाडीही तीच खूण दाखवू लागली तर खरोखर उभी असलेली गाडी ओळखायची कशी? शिवाय ती गाडी वळणार कुठे, हेही कळेनासे होते. धुक्यात हेडलाइट खाली पाडून लावावा, अंतर वाढवावे आणि वेग उतरवावा. वरचा झोत धुक्यावर आपटून चालकाच्याच डोळ्यांत परततो.

बसच्या प्रवाशांनाही एक सवय हवी. १ जुलै २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ, समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. जे मोजके वाचले ते काचा फोडून बाहेर पडले. बसमध्ये बसताच आपत्कालीन दार कोणते आणि हातोडी कोठे, हे पाहून ठेवण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

दुसऱ्याचा रथ थांबलेला असताना

आतापर्यंतचा विचार स्वतःच्या गाडीचा झाला. परंतु रस्ता हा समाजाचा आहे. दुसरा कोणी रक्तबंबाळ होऊन पडलेला असताना गाड्यांचे काफिले शेजारून निघून जातात, मोबाइलवर चित्रण होते आणि हात कोणी लावीत नाही. ही निर्दयता नसते. बहुतेकांच्या मनात पोलिसांच्या चौकशीची आणि न्यायालयाच्या फेऱ्यांची भीती असते. ती एकेकाळी खरीही होती.

आता ती उरलेली नाही, हे गावोगावी सांगितले पाहिजे. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांना बंधनकारक केले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याने नाव-पत्ता दिलाच पाहिजे असे नाही. रुग्णालय त्याला थांबवून ठेवू शकत नाही, त्याच्याकडून पैसे मागू शकत नाही. स्वेच्छेने साक्षीदार झाला तरच त्याची चौकशी होते. त्याच कायद्याने आघातानंतरच्या पहिल्या तासाला ‘सुवर्ण तास’ असे नाव दिले आहे. त्या तासातील साधी मदत नंतरच्या मोठ्या शस्त्रक्रियेहून मोलाची ठरू शकते.

ही मदत करतानाही क्रम तोच. आधी आपली गाडी सुरक्षित जागी लावावी, चारही दिवे चालू करावेत, मागून येणाऱ्यांना सावध करण्यासाठी कोणाला तरी पुरेसे मागे उभे करावे. मग ११२ किंवा १०८ वर दूरध्वनी करून जागा नेमकी सांगावी. किलोमीटरचा दगड, पुलाचे नाव, कोणत्या दिशेची मार्गिका हे सांगितले तर रुग्णवाहिकेची दहा मिनिटे वाचतात. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक आहे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे आणि दाब सोडू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. दयेपोटी पाजलेले पाणी श्वासनलिकेत जाते. गाडीला आग लागलेली नसेल तर जखमीला ओढून काढू नये, मान हलू देऊ नये.

अपघातस्थळी धावून जाणारा पहिला माणूस बहुतेक वेळा जवळचा शेतकरी, ढाब्यावरचा पोऱ्या किंवा ट्रकचा क्लीनर असतो. त्याला चार गोष्टी ठाऊक असणे म्हणजे त्या पट्ट्यात एक दवाखाना उघडण्यासारखे आहे. गणेशोत्सव मंडळे, महाविद्यालये, गावची तालीम यांनी वर्षातून एक सकाळ यासाठी दिली तर त्याला अनुदान लागत नाही.

बंधू-भगिनींनो, येत्या विजयादशमीला गाडी धुतली जाईल, हार घातला जाईल, आरती होईल. त्या आधी एक तास काढावा. डिकी रिकामी करावी. घरातील सर्वांना, गाडी न चालविणाऱ्यांनाही, जॅक दाखवावा, त्रिकोण उघडून उभा करून दाखवावा, चार दिव्यांचे बटण मुलाच्या बोटाने दाबून घ्यावे. स्टेपनीत हवा भरून आणावी. पुस्तिका पिशवीतून बाहेर काढावी. मग नारळ वाढवावा. श्रीकृष्णाचे सारथ्य रथ दौडविण्यात जितके होते, तितकेच त्या दिवशी तो थांबवून घोड्यांना पाणी पाजण्यातही होते.